पोटाचे अठरा हप्ते

"मॅडम, रोजचे फक्त 333 रुपये पडतात."

हे वाक्य मी कॉस्मेटिक सर्जरीच्या एका क्लिनिकमध्ये ऐकलं, तेही डॉक्टरांनी पोट तपासून दहा मिनिटं झाली नसतील तेव्हा. साडी सावरत बाहेर आले तर काचेच्या केबिनमध्ये एक मुलगी टॅब घेऊन तयारच होती, तिचं पद काउन्सेलर. आधी मला वाटलं ऑपरेशनची भीती वगैरे घालवायला असेल, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो पॅन कार्ड आणलंय का. मी म्हटलं अगं मी अजून ठरवलंच नाही, तर म्हणाली लोनची लिमिट चेक करून ठेवू मॅडम, बघायला काय जातंय.

मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, सतरा वर्षं टॅली आणि जीएसटीच्या रिटर्नमध्ये गेली आहेत, त्यामुळे रोजचे किती पडतात असं कोणी सांगायला लागलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. रोजचे 333 म्हणजे महिन्याचे दहा हजार, असे अठरा हप्ते, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. रोज तीन मिसळी दीड वर्ष खाल्ल्या तर जेवढे होतील तेवढे, आणि तेवढ्या खाल्ल्या तर पोटाचं जे होईल ते वेगळंच.

आधी माझं सांगते म्हणजे नंतर कोणी उपदेश करायला नको. वय 42, दोन सिझर. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार वर्षं चालले, 71 किलोवरून 62 वर आले. हात बारीक झाले, चेहरा उतरला (सासूबाईंच्या भाषेत 'वाळली'), पण पोट जिथल्या तिथे. बेंबीखाली कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, आणि मधले स्नायू बाळंतपणात एकमेकांपासून लांब सरकलेत ते परत जवळ आलेच नाहीत. काही जणींचं व्यायामाने बरंच सुधारतं, माझ्याही फिजिओने सहा महिने मनापासून करून घेतलं, थोडा फरक पडलाही. पण ओघळलेली कातडी व्यायामाने आत जात नाही, हे तिनेच स्पष्ट सांगितलं. मग उरतं ते ऑपरेशन, ज्याला सगळे टमी टक म्हणतात, जास्तीची कातडी काढायची, स्नायू शिवून जवळ आणायचे, आणि कमरेजवळ थोडं लायपो, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं.

घरात हे बोलले तर जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या दोन पोरं झाली, पोट दिसणारच, आमची काय दिसत नव्हती का. जाऊबाई म्हणाल्या त्या पैशात किचनच्या ट्रॉल्या झाल्या असत्या. ऑफिसमधल्या एका साहेबांनी तर न विचारता सूर्यनमस्काराचा सल्ला दिला, त्यांचं स्वतःचं पोट टेबलाच्या अलीकडे मावत नाही ही गोष्ट वेगळी. यावर माझं उत्तर एकच, शरीर माझं, पैसे मी कमावते, आणि कुणी लग्नात पाच लाखांचा मंडप घालतं तेव्हा आपण गरज होती का असं विचारत नाही, उलट जेवून येतो. त्यामुळे करावं की करू नये यावर मी इथे बोलणारच नाही. मला बोलायचंय पैशांवर, आणि माझं स्पष्ट मत असंय की हे ऑपरेशन हप्त्यावर करू नये, आणि क्लिनिकच्या आत कर्जाचं टेबल असूच नये.

आता आकडे. मी तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या ठिकाणी फोनवरच सांगितलं एक लाख दहा हजार, मी खूश. प्रत्यक्ष गेल्यावर हळूहळू कळत गेलं की ही फक्त सर्जनची फी आणि एक रात्र राहणं, भूलतज्ज्ञांचे पंधरा हजार वेगळे, ऑपरेशन थिएटरचे बारा हजार वेगळे, मग या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे अजून 24,660, मग रक्ताच्या तपासण्या ईसीजी एक्स-रे मिळून साडेचार हजार, औषधं सहा हजार, आणि नंतर दीड-एक महिना रात्रंदिवस घालायचा तो घट्ट बेल्ट, तोही एक धुवायला एक घालायला म्हणून दोन, त्याचे नऊ हजार. बेरीज केली, 1,81,160. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच कागदावर एकच आकडा लिहून दिला, 1,78,000, सगळं धरून, जीएसटी धरून, बेल्ट धरून. म्हणजे फोनवर महाग वाटलेलं ठिकाण खरं तर तीन हजारांनी स्वस्त निघालं. आम्ही कंपनीत साधे नटबोल्ट घेताना सुद्धा कोटेशनमध्ये टॅक्स आत की बाहेर हे पहिल्या ओळीत विचारतो, आणि भूल घेऊन टेबलावर झोपायच्या गोष्टीत बायका फोनवरच्या आकड्यावर ठरवतात, कारण विचारायलाच लाज वाटते. पोटाचं ऑपरेशन करतेय हेच मुळात चोरून, तर भाव काय करणार.

आणि हा सुद्धा पूर्ण खर्च नाहीच. दोन ते तीन आठवडे सुट्टी लागते, माझ्या शिल्लक रजा अकरा, उरलेल्या बिनपगारी. जवळजवळ दीड महिना जड उचलायचं नाही म्हणजे पाण्याची बादली नाही, गॅसचं सिलेंडर नाही, धाकट्याला कडेवर घेणं नाही, म्हणजे स्वयंपाकाला बाई. जखमेत पाणी साठलं तर ते काढायला परत परत जावं लागतं, टाके उसवले किंवा एका बाजूला उंच-सखल राहिलं तर दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन, आणि त्याचे पैसे कोण देणार हे तिन्हीपैकी फक्त एकाच ठिकाणी (परत तोच कागदवाला डॉक्टर) न विचारता सांगितलं. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका कमी असतो पण असतो, आणि तसं झालं तर आयसीयूचं बिल कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही. मी तर म्हणते जो आकडा सांगतील त्याच्या वर पाव भाग बाजूला असल्याशिवाय तारीख घेऊच नये.

तिसरं ठिकाण म्हणजे ती टॅबवाली मुलगी. पॅकेज 1,80,000, सगळं धरून, अठरा महिने दहा हजार, 'नो कॉस्ट ईएमआय'. मी विचारलं रोख दिले तर? तर म्हणाली एक लाख बासष्ट. आता इथे थांबा. रोखीचा भाव 1,62,000 असेल तर वस्तूची खरी किंमत तीच, आणि वरचे अठरा हजार हे व्याज, फक्त त्याला व्याज म्हणायचं नाही. माझ्या हिशोबाने हे वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जातं. वर प्रोसेसिंग फी दोन टक्के म्हणजे 3,600, तिच्यावर जीएसटी 648, हे आधीच द्यायचे, ते धरले की सतरा टक्क्यांपर्यंत. फुकट कर्ज! रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना लिहून कळवलंय की शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नाही, कुठेतरी ते वसूल होतंच. पण क्लिनिकच्या भिंतीवर झिरो एवढा मोठा लिहिलेला असतो की बाकी काही दिसतच नाही.

दुसरा प्रकार फ्लॅट रेटचा. माझ्या ओळखीच्या एकीने लायपोसाठी दीड लाख घेतले, 14 टक्के फ्लॅट, दोन वर्षं, हप्ता आठ हजार. ती सगळ्यांना सांगत होती चौदा टक्के म्हणजे फार नाही गं. पण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडत जाता तरी व्याज मात्र पूर्ण दीड लाखावरच लागत राहतं, 42,000 व्याज, आणि कमी होत जाणाऱ्या रकमेवर मोजलं तर ते पंचवीस टक्के पडतं. क्रेडिट कार्डावर काढून बिल थकवलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, त्याचं तर नावच काढू नका. ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याने सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर एका पानावर लिहून द्यायचा असा नियम आहे, ते पान मागा. मी मागितलं तर ती मुलगी म्हणाली सही झाली की ॲपवर येईल. अगं बाई, ते सहीच्या आधी द्यायचं असतं.

आता कोणी म्हणेल की हप्ते होते म्हणून तर मध्यमवर्गीय बायकांना हे जमायला लागलं, नाहीतर ही फक्त बंगलेवाल्यांची हौस राहिली असती, आणि आपण गाडी मोबाईल सोफा सगळं हप्त्यावरच घेतो मग पोटानेच काय पाप केलंय. हा मुद्दा खोटा नाही. मी पण स्कूटी हप्त्यावरच घेतली. पण स्कूटीचे हप्ते थकले तर ते स्कूटी ओढून नेतील, स्कूटी बिघडली तर वॉरंटी आहे, नको झाली तर विकून टाकता येते. इथे पैसे फायनान्स कंपनीने क्लिनिकला पहिल्याच दिवशी दिलेले असतात. ऑपरेशन बिघडलं, जखम भरेना, नोकरीवर जाता येईना, तरी पाच तारखेला हप्ता कापला जाणारच, कारण तुमचा करार कर्जाचा आहे, पोटाशी त्यांचं देणंघेणं नाही. आणि नेमकं ज्या महिन्यात पगार अर्धा येणार त्याच महिन्यापासून हप्ता सुरू. डॉक्टरांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे देणारा पेशंट ग्राहक मानला जातो, पण तिथे तारखा पडत राहतील आणि इथे हप्ते जात राहतील.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या टॅबवाल्या मुलीने मला सांगितलं की 'दहा किलो आरामात जातील'. लायपो हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाहीच, एका वेळी साधारण पाच लिटरच्या वर काढायला सर्जन नाखूष असतात, आणि त्या पाच लिटरमध्ये आत सोडलेलं औषधी पाणीही आलं. पण ती हे कशाला सांगेल, तिला टार्गेट आहे. डॉक्टरांच्या तोंडून 'थांबा' निघायला हवं त्या जागी 'लिमिट अप्रूव्ह झाली' असं ऐकू यायला लागलं की गडबड आहे. कागदवाल्या डॉक्टरांनी मला काय सांगितलं माहितीये? वजन निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर, एका जागी टिकलेलं दाखवा, मग या. कारण ऑपरेशननंतर परत वाढलं तर सगळं पाण्यात, आणि तिसरं मूल हवं असेल तर आत्ता करूच नका.

मला तिथेच बसल्या बसल्या क्लिक झालं. वर्षभर थांबायचंच आहे ना? मग तेवढं वर्ष पैसे साठवायचे. जे दहा हजार हप्ता भरायची तयारी होती तेच दर महिन्याला बँकेत आरडीला टाकले तर दीड वर्षात 1,80,000 आणि वर व्याज मिळतं, द्यावं लागत नाही, आणि रोखीचा भाव 1,62,000 मिळतो तो वेगळाच. म्हणजे शरीराला जो वेळ लागतो तोच खिशाला लागतो, आणि ईएमआय नेमका तो वेळ खाऊन टाकतो, वजन स्थिर झालंय का, नवऱ्याच्या एखाद्या बोलण्याने भडकून ठरवलंय का, लग्नसराईत फोटो चांगला यावा म्हणून चाललंय का, हे कळायला जे वर्ष हवं असतं तेच. सहा हप्ते साठवल्यावर मन बदललं तर साठ हजार हातात राहतात. सहा हप्ते फेडल्यावर मन बदललं तर पोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत टाक्यांची रेघ आणि बारा हप्ते बाकी.

अगदी कर्ज काढायचंच झालं तर सोनं तारण ठेवा, पर्सनल लोनपेक्षा व्याज कमी पडतं, किंवा ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून घ्या. तिथे निदान चेअरमन विचारतो तरी, कशाला पाहिजेत.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला सरळ अन्याय वाटते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं वजन 118 किलो होतं, शुगर कशानेच आवरत नव्हती, बेरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवायची सर्जरी झाली. ते इन्शुरन्समध्ये बसलं, कारण नियमच आहे की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 किंवा त्यावर असेल, किंवा 35 किंवा त्यावर आणि सोबत न आवरणारी शुगर, हृदयाचा गंभीर त्रास असं काही असेल तर कंपनीने द्यायचं. दीड वर्षात तिचं वजन 74 वर आलं. छान. पण आता पोटाची कातडी पुढे मांडीपर्यंत येते, उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साठून चट्टे उठतात, बुरशी होते, वास येतो म्हणून ती सिटी बसमध्ये बसत नाही. ती कातडी काढायचं म्हटलं की तेच इन्शुरन्सवाले सांगतात हे कॉस्मेटिक. प्रत्येक पॉलिसीत अपवादांची यादी असते, त्यात आठ नंबरला लिहिलंय की दिसणं बदलायची सर्जरी मिळणार नाही, अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर परत घडवायची असेल किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. आता चट्टे हा 'तातडीचा' धोका आहे का यावर तुम्ही आणि कंपनी भांडत बसा. तरी मी सांगेन की भांडा, त्वचेच्या डॉक्टरांचे कागद, फोटो, औषधांची बिलं वर्षभराची जमवा आणि ऑपरेशनच्या आधी लेखी मंजुरी मागा, नंतर मागून उपयोग नाही. सरकारी योजनांत तर कॉस्मेटिकला जागाच नाही.

जीएसटीचंही तसंच. उपचारांवर टॅक्स नाही पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीवर आहे, सूट फक्त जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात असेल तर. गंमत म्हणजे आपल्या गावाचं नावच नाकावरून पडलंय असं म्हणतात, पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक. आजच्या नियमाने तिचं केस पक्कं, इजा आहे, इन्शुरन्स पण आणि टॅक्स माफ पण. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं पण, टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं आणि पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवीन नाक बसवलं, 1794 मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं चित्र छापून आलं आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. दुसऱ्याने सुरीने कापलं तर ती इजा, बाळंतपणाने स्नायू फाकले किंवा चाळीस किलो उतरवून कातडी लोंबली तर ती हौस. ही रेघ कोणी आखली माहीत नाही, पण आखणाऱ्याला बाळंतपण झालेलं नसावं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून सलून आणि जिमवरचा टॅक्स 18 वरून 5 झाला, म्हणजे केस सरळ करायला पाच टक्के आणि माझ्या बहिणीच्या चट्ट्यांना अठरा. माझ्या हौसेवर लावा ना टॅक्स, मी भरते, पण तिच्यावर कशासाठी?

म्हणून मागायचंच तर दोन गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. वजन उतरल्यावरची लोंबती कातडी, जिथे त्वचेचा त्रास कागदावर आहे, ती उपचारात धरा, टॅक्समध्येही आणि विम्यातही. आणि दुसरं, महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलंय, मग कॉस्मेटिकच्या पॅकेजलाही तोच न्याय लावा, एकच आकडा, सगळं धरून, दुरुस्तीचं ऑपरेशन कोणाच्या खर्चाने हे लिहून, आणि हप्त्यावाल्यांचं टेबल दवाखान्याच्या दाराबाहेर. ज्याला कर्ज हवंय तो बँकेत चालत जाईल, सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते ओलांडत गेला तर तेवढाच विचार करायला वेळ मिळेल.

सर्जन बघताना मात्र पैसे वाचवायला जाऊ नका, एवढं एक. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर काय, भूल कोण देणार, ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात, हे विचारायला लाजायचं काहीच कारण नाही. दुसऱ्या ठिकाणी मी हे सगळं विचारलं तर डॉक्टर हसले आणि म्हणाले तुम्ही ऑडिटला आलाय का.

माझं पुढे काय म्हणाल तर आमची बारा जणींची भिशी आहे, महिना पाच हजार, साठ हजार उचलायचा माझा नंबर फेब्रुवारीत लागतोय. (भिशी फक्त ओळखीच्या बायकांतच, अनोळखी भिशीत पैसे बुडालेल्यांची नाशिकमध्ये कमतरता नाही.) बाकीचं आरडीत चाललंय. टॅबवाल्या मुलीचे आत्तापर्यंत नऊ फोन आले, शेवटच्या वेळी ऑफर एक लाख पंचावन्नवर आली होती, म्हणजे ते एक लाख ऐंशी नक्की कशाचे होते कोण जाणे. वजन दर रविवारी सकाळी करते आणि वहीत लिहिते. पाच महिने 62 च्या आसपास टिकलं होतं, मग दिवाळी आली. सध्या 63.4. कागदवाल्या डॉक्टरांना मेसेज करून कळवलं तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, मोजणी परत एकपासून सुरू.